लोटांगणाच्या आदल्या दिवशी

"कोनाले सांगजो नोको. आईले तं बिलकुलच नोको."

नवऱ्याचा, घनश्यामचा तो आवाज लग्नाला चार वर्षं झाली तरी कौशल्येच्या कानातून गेला नव्हता. म्हणून सिहोऱ्याच्या दवाखान्यात सुमनबाई नर्सने विचारलं, "याच्या आधी कधी दिवस गेले होते?" तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटलं.

सुमनबाईने लिहायचं थांबवलं. "नाही म्हणायले इतका वेळ कायले लागला?"

समोरच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढलेला होता. कौशल्या त्याच्याकडेच बघत राहिली. मग जे बोलली तेही त्या भिंतीशीच.

"एकडाव. लग्नाआधी. साक्षगंध झालं होतं आमचं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते न, तिथं भेटलो होतो... ह्याइचंच होतं, बाई. दुसऱ्या कोनाचं नाही."

"मी विचारलं का कोनाचं? मग?"

"ह्याइनं तुमसरच्या दुकानातून गोळ्या आनल्या. पाच दिवस गेलं अंगावरून."

"ताप आला? नंतर पोट दुखलं? घाण पाणी?"

"नाही. महिन्यानं पाळी आली. मग वैशाखात लग्न लागलं."

"मग आता रडतेस काहून?"

"कूस जळली ना माही." कौशल्येने पदर तोंडाशी धरला. "मीनंच जाळली."

"कूस काय कागद आहे, जळायले?" सुमनबाईचा आवाज चढला, पण लगेच तिने तो खाली आणला. पडद्यापलीकडे बाकावर बायका बसल्या होत्या. "डॉक्टरला न विचारता दुकानातल्या गोळ्या खाल्ल्या, त्यातून वाचली हेच पुष्कळ समज. पण ताप नाही, दुखणं नाही, पाळी वेळेवर आली, म्हणजे गोळ्यांचं तिथंच संपलं. माह्यापाशी एक बाई होती, तिले तं पुढची पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहिले. डोक्शाले हात लावून बसली होती इथंच, याच स्टुलावर."

कौशल्येने पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढली. "मग चार वर्षं..."

"वजन छत्तीस किलो. पाळी दोन दोन महिने येत नाही. आठवड्यातून किती दिवस उपाशी असतेस?"

"सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. एकादशी वेगळी."

"देवाचं करू नोको असं मी म्हणत नाही. मंगळवार मीही धरते. पण उपाशी अंगात बाळ कशावर वाढंल? एक वार ठेव. आनं घनश्यामले पाठव. चार वर्षांपासून एकटी तूच तपासून घेऊन राहिली, त्याले कोणी तपासलं?"

"ते नाही येत, बाई."

"तं मी येते तुमच्या घरी."

तेवढ्यात पडद्यापलीकडून देवकाबाईचा आवाज आला. कौशल्येची सासू. बाकावर शेजारी कोण बसलं आहे हे न बघता बोलणारी.

"माह्या सुनेत काही खोट नाही, माय. खोट माह्यात. घनश्याम पाळण्यात होता तईं देवीले नवस बोलली आनं फेडाचाच राहून गेला. म्हणून तिनं पोरीची कूस बांधून ठेवली. उद्या मंगळवार. देवीच्या टेकडीच्या पायथ्यापासून लोटांगण घालतो."

"या उन्हात? पाठ सोलून निघंल तुही, म्हातारे!" बाकावरची एक बाई म्हणाली.

"निघू दे. गुन्हा माहा, तं पाठ कोनाची निघंल?"

बायका हसल्या. देवकाबाईही हसली.

कौशल्येने डोळे मिटून घेतले. कान मिटता येत नाहीत.

"ऐकलं?" सुमनबाईने हळूच विचारलं.

"रोजच बोलते. विहिरीवर बोलते, देवळात बोलते. पाहुणे आले तं त्याइले सांगते, दोष माहा आहे म्हणून." ती थांबली. "आनं मी बाजूले बसून ऐकून घेतो."

"तिले मी नाही सांगणार. ते माहं काम नाही."

"ह्याइनं मना केलं आहे."

"उद्याचं लोटांगण घनश्यामले घालाचं आहे का?"

कौशल्येने तोंडाशी धरलेला पदर सोडला. बाहेर कोणाचं तरी मूल रडायला लागलं आणि थांबलंही.

"आज," सुमनबाई म्हणाली. "दिवस बुडायच्या आत. देतेस शब्द?"

"देतो."

पडदा सरकवून ती बाहेर आली. देवकाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. चेहरा आशेने इतका उघडा, की कौशल्येला तिच्या पायांकडेच बघावं लागलं.

"काय म्हणते नर्सबाई? सांगितलं न मी, तुह्यात काही नाही म्हणून?"

"चला आई. तिकडं तलावाकडं बसू घडीभर. तुमच्यासंग बोलाचं आहे."

"इथंच बोल ना. बस येऊन राहिली."

"जाऊ द्या बस. इथं लोक आहेत."

देवकाबाईला नवल वाटलं. "मी तं सगळ्याइपुढं बोलली वो. आपल्या घरात लपवासारखं काय आहे?"

कौशल्येने तिचा हात धरला. वाळलेला, हलका हात. रस्त्यावर बस येऊन थांबली, दवाखान्यातल्या बायका लगबगीने तिच्याकडे गेल्या. या दोघी उलट्या दिशेने, तलावाच्या पायवाटेला लागल्या.

"हळू चाल वो," मागून देवकाबाई म्हणाली. "मले काही घाई नाही."

कौशल्येने पावलं लहान केली. पण थांबली नाही.