डोळे मिटून

राजीनाम्याच्या शेवटी, ताईच्या नावाच्या अगदी वर, लिहिलं होतं: 'आपली प्रकृती उत्तम आहे.'

धाकट्या भावाने कागद दोनदा वाचला. बावीस वर्षं हॉस्पिटलात डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करणारी ही बाई. कधी चूक नाही, त्यामुळे लिहिलेलं परत वाचायची सवयही नाही. आणि या एका आठवड्यात तीन चुका! परवा तर पाय मुरगळलेल्या माणसाच्या रिपोर्टात 'छातीत पाणी' आलं, आणि त्याची बायको खिडकीपाशी येऊन ढसाढसा रडली. तेव्हापासून ताईचा आपल्या हातांवरचा भरवसाच उडाला होता. चार वाजता हा कागद साहेबांकडे जायचा होता.

"ताई, साहेबांच्या प्रकृतीचं काय मध्येच?"

ताईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मी नुसतं 'आपली' लिहिलं होतं रे, आणि खाली नाव. बघ, आता हेसुद्धा धड जमत नाही."

ती ज्यात टाइप करत होती तो प्रोग्रॅम धाकट्यानेच बनवलेला, आठवड्यापूर्वीच इथे तिच्या कॉम्प्युटरवर बसवलेला. अर्धवट लिहिलं की खाली नेहमीच्या वाक्यांची यादी उघडते, एंटर दाबलं की पहिलं वाक्य आपोआप बसतं आणि नवी ओळ सुरू होते. लिहिणाऱ्याचे कष्ट निम्मे, असं हा घरभर सांगत फिरला होता.

त्याने खुर्ची ओढली आणि तिला एक रिपोर्ट टाइप करायला लावला. ताईने कानांवर हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. डोळे मिटले! डॉक्टर पुटपुटतात, डोळे मिटले की नीट ऐकू येतं, असं ती म्हणाली. बावीस वर्षं ती अशीच टाइप करत होती, आणि या शहाण्याने तिच्याशेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. तिने मथळा लिहिला: छाती. मग पुढच्या ओळीसाठी एंटर. यादीला तो होकार वाटला. पडद्यावर 'छातीत पाणी' उमटलं आणि ताईची बोटं पुढे निघूनही गेली.

"थांब, ताई! तू नाही चुकत गं. माझी यादी आगाऊ आहे."

त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. आनंदाने त्याची बोटं एकमेकांत अडखळत होती. यादीने दिसावं खुशाल, पण एंटर लिहिणाऱ्याचं. बाणाचं बटण दाबून कुणी आपणहून यादीत शिरलं, तरच तिने वाक्य बसवावं, नाहीतर गुपचूप मिटावं. जेवायची सुट्टी संपायच्या आत काम फत्ते.

करून बघ म्हणाला तेव्हा ताईला तोंडपाठ असा एकच मजकूर आठवला. तिने डोळे मिटले आणि अख्खा राजीनामा पुन्हा टाइप केला. शेवटी 'आपली'. खाली यादी उघडली. ताईने एंटर दाबलं, यादी मिटली, आणि खालच्या ओळीत तिचं नाव आलं.

ताईने डोळे उघडले. पडद्यावर बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून सगळं वाचलं.

"एकही चूक नाही रे," ती म्हणाली. "मग आता हा द्यायचा कशासाठी?"