ड्रॅगनच्या पिल्लाची आई

आमचा ड्रॅगनच्या पिल्लाचा कार्टून सिनेमा नाताळात लागणार होता. पोर्टलंडच्या इस्पितळातली आठ वर्षांची मॅरेन तोवर जगणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी अर्धामुर्धा सिनेमाच लॅपटॉपवर तिच्याकडे घेऊन गेलो. प्रत्येक गाण्यावर ती मान डोलवत होती. तिची आई कॉफी आणायला खाली गेली होती.

"शेवटची चित्रं काढायची राहिलीत," मी म्हणालो. "पिल्लू घरी परत येतं, मग त्याची गप्प झालेली आई पुन्हा गायला लागते."

मॅरेनने पडद्यावरच्या पिल्लावर बोट ठेवलं.

"पिल्लू नाही आलं, तरी ती पुन्हा गाते, असं काढाल का?"

"का गं?"



"नाताळात आई एकटीच बघायला येईल ना."