ट्रकखालचा अग्नी

बर्फामुळे काश्मीरचा घाट दुपारी बंद होणार होता आणि माझा ट्रक पहाटेपासून सुरू होत नव्हता. पाण्याची बादली घेऊन परतलो, तो ट्रकखाली अग्नी प्रज्वलित! एक काश्मिरी वृद्ध त्यास फुंकर घालीत होता. मी बादली त्यावर रिकामी केली.

"गाडी जाळता काय, चाचा?"

"बेटा, डिझेल जम गया है," तो शांतपणे उद्गारला.

मी पुरता गोंधळलो. थंडीने डिझेल गोठते, हे आम्हा सोलापूरकरांस कसे ठाऊक असावे?

लाकडे तर भिजली. वृद्धाने अंगरख्यातून उबेसाठी बाळगलेली निखाऱ्यांची कांगडी काढून टाकीखाली सरकवली व स्वतः कुडकुडत बसला.

अखेर इंजिन धडधडले. आभार मानावेत की क्षमा मागावी, हेच उमगेना; मी माझे घोंगडे त्याच्या खांद्यांवर पांघरले.

"आगे से पूछ के बुझाना," तो हसून म्हणाला.