बिनधुराची लाकडं

पहिली मोळी

"तठेच टाक. वाळत घालेल कपडासले लागू नको देऊ."

रूपलीबाईने डोक्यावरची मोळी अंगणाच्या कडेला टाकली. अख्तरबानोने चपलेच्या टोकाने दोन लाकडं उलटवली.

"धावडाच शे ना? मागल्या खेपले सालई घुसाडेल व्हती."

"धावडाच शे, बीबी. दोन उन्हाळा वाळेल."

"तुम्हना लोकंसनी जीभ वाळत नही, लाकडं काय वाळतीन. फोड. बारीक फोड."

रूपलीबाई कुऱ्हाड घेऊन फोडायला लागली. पहाटे डोंगरातून नवऱ्याच्या गाडीतून निघायचं, गोमाई नदी ओलांडायची, मग शहाद्यात घरोघर मोळ्या टाकायच्या. पाणी मागितलं तर अख्तरबानो तिच्या ओंजळीत इतक्या उंचावरून ओतायची की निम्मं मातीत जायचं.

आतून खोकला आला. थांबला. पुन्हा आला.

अख्तरबानोच्या मुलीला, सालेहाला, छातीचं दुखणं होतं. हकीमाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या: गारठा नको, धूर नको. त्या वर्षी सातपुड्यावरून असा वारा सुटला होता की दिवसाही खोलीत शेगडी लागायची. धावड्याचे निखारे धूर न करता तासन् तास टिकत. दुसरं कुठलंही लाकूड असलं की सालेहा खोकायची, आणि खोकली की रुमालावर लाल यायचं.

हे तिघांना माहीत होतं. अख्तरबानो, तिचा नवरा सलाउद्दीन आणि हकीम. रूपलीबाईलाही माहीत होतं, पण अख्तरबानो तिला मोजत नव्हती. भिंतीसमोर माणूस बोलतोच.


दुसरी मोळी

गुरुवारी पाहुणे येणार होते. जन्नतबी, बाजाराच्या पलीकडची. तिचा अनीस सुरतेच्या गिरणीत होता. गिरणीचा कंटाळा आला म्हणून परतला, आता दुकान टाकणार होता.

"सांगी टाकूत का त्यासले?" सलाउद्दीनने विचारलं.

"सांगा. आनि मंग पोरले जलमभर घरमाच ठेवा." अख्तरबानो सुपारी कातरत होती. "निकाह व्हवू द्या. मंग दवा त्याच करतीन. ती जन्नतबी येडी शे. पोरबद्दल काहीच इचारत नही."

अंगणातली कुऱ्हाड थांबली.

"ए लाकडावाली. त्या घरले तूच लाकडं टाकस ना?"

"हां, बीबी."

"इकडनं तिकडे बोलशी का?"

"नही."

"वाघदेवनी आण घे."

रूपलीबाईने आण घेतली. अख्तरबानो नवऱ्याकडे बघून हसली. या लोकांना एवढं पुरतं.


तिसरी मोळी

आली नाही. गाडीचं चाक मोडलं होतं. घरात बाभळीची ओली लाकडं जाळली. सालेहा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत खोकली. अख्तरबानोने रूपलीबाईच्या सात पिढ्या काढल्या.


चौथी मोळी

बुधवार. लाकडं फोडून झाली तरी रूपलीबाई उठेना.

"बीबी, हाई लगीन नका करू."

अख्तरबानोला आधी ऐकलेलं खरंच वाटेना.

"काय बोलनी?"

"नका करू. पोर चांगली शे."

"चांगली शे म्हनीसनच ते करी ऱ्हायनू. का, मरनार शे का ती? लाकडं फोडता फोडता हकीम व्हयनी का तू?"

"पोरनं नही सांगत मी. त्या घरमा..."

"त्या घरमा काय?"

 कुऱ्हाडीच्या दांड्यावरून रूपलीबाईचा अंगठा वर-खाली फिरत होता.

"बोल ना."

"नही सांगता येत, बीबी."

"नही सांगता येत, कारन सांगासारखं काही नही शे. चार घरं फिरस म्हनीसन तुले वाटस, लोकंसना घरनी पारख शे. जंगलमा ऱ्हाशी, झाडपाला खाशी, आनि मन्ही पोरनं लगीन मोडशी." ती उठून उभी राहिली. "चाल, उचल कुऱ्हाड. आनि उद्या या गल्लीमा दिसू नको. पाहुणासले तुन्हं तोंड नको."

रूपलीबाई गेली. सालेहा दाराआडून म्हणाली, "अम्मी, तिले पुरं बोलू ते द्यायचं."

"तू बोलू नको. खोकला येई."


गुरुवार

सालेहाच्या जिभेखाली खडीसाखर. पडद्यामागे धावड्याचे लालभडक निखारे. अत्तर.

जन्नतबीने मुलीला शेजारी बसवलं. तिचे दंड दाबून पाहिले, पंजा उलटा करून पाहिला. भरलेली कळशी चुलीपासून दारापर्यंत आणायला लावली. सालेहाने आणली. दार गाठेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

"रातले जाग व्हस का पोरकडतीन?" जन्नतबीने विचारलं. "कोनले बरं नसनं ते?"

"दोन-दोन रात जागस," अख्तरबानो म्हणाली. "थकनं तिले माहीतच नही."

जन्नतबीने स्वतःच्या बोटातली अंगठी काढून सालेहाला घातली. निकाह आठ दिवसांनी करू म्हणाली. उगाच उशीर कशाला.

ती गेल्यावर अख्तरबानो उशीत तोंड खुपसून हसली. "घाई देखी का? कोनता गोठा बघीसन ऊनी ती, माले सांगा. कळशी उचलाले लावस! अडानी कुठली." सलाउद्दीन हसला नाही. सालेहा पडद्यामागे गेली होती आणि तोंडावर रुमाल दाबून खोकून मोकळी होत होती.


मोळी, दुसऱ्या दारी

शुक्रवारी रूपलीबाईने बाजारापलीकडच्या घराच्या मागच्या दारी मोळी टाकली.

"धावडाच शे ना?" जन्नतबीने विचारलं. "धूर व्हयना ते याद ठेव. आनि कोठे बोलनी ते नही ना तू?"

"नही, बीबी."

रूपलीबाई फोडायला बसली. जन्नतबी निखाऱ्यांची शेगडी घेऊन आत गेली आणि तिने ती खाटेजवळ सरकवली. गोधडीत गुंडाळलेला अनीस भिंतीला टेकून बसला होता. बोलायच्या आधी तो बराच वेळ खोकला, मग हातातल्या वाटीत थुंकला.

"अम्मी, पोर तब्येतनी बरी शे ना?"

जन्नतबीने वाटी उचलली, आतलं लाल न बघता तिच्यावर फडकं टाकलं.

"दोन तास बठनी, एकदाबी खोकलनी नही. तुन्हं सगळं कराले अशीच धडधाकट पोर पाहिजे व्हती."