पानात टाकलेली पोळी

"सूनबाई, आणखी एक पोळी वाढ. आणि भाजीही."

सुनीतीने ओठ आवळून पोळी वाढली. मामंजी ती खाणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दत्तात्रेयशास्त्री कडेचा एक तुकडा मोडणार, उरलेली पोळी भाजीसकट पानाच्या कडेला सारणार, उत्तरापोशन घेणार आणि वर खणखणीत आवाजात 'अन्नदाता सुखी भव' म्हणणार. गंगेकाठच्या रामघाटावर येणाऱ्या यजमानांना 'अन्न हे पूर्णब्रह्म' सांगणारी जीभ हीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आणि साल कसलं, तर दुष्काळाचं. सोमवारी एक वेळ उपास करा, असं सरकारच सांगत होतं. रेशनवर परदेशी लाल गहू मिळे, तोही खड्यांसकट. नवऱ्याचा, रत्नाकरचा, रेल्वेतला पगार महिना संपायच्या आत दम तोडी. अशा घरात सुनीती दोडक्याच्या शिरांची चटणी करी, दुधीच्या साली परते, शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकी. तिच्या हातून कोथिंबिरीचं देठ सुटत नसे. आणि इथे हे महाशय आख्खी पोळी कडेला सारत होते!

बरं, ती पोळी जाई कुठे? सासूबाईंच्या पोटात. प्रभावतीबाई जुन्या वळणाच्या. सगळ्यांचं झालं की नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच जेवायला बसत. सुनीतीला ते बघवत नसे. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने रत्नाकरला बजावलं होतं, की मी कुणाच्या उष्ट्यात जेवणार नाही. यांनी टाकायचं आणि बायकोने मुकाट गिळायचं! म्हाताऱ्याने बायकोचा उकिरडा करून ठेवलाय, असं ती मनातल्या मनात म्हणे.

आज मात्र ते मनात राहिलं नाही.

"मामंजी, पानात टाकायचं असेल तर मागू नये. रेशनच्या लाइनमध्ये मी उभी राहते."

रत्नाकरचा घास हातात राहिला. त्या घरात शास्त्रीबुवांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी एकदा चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. मग पोळी त्यांनी ओढून घेतली, खाल्ली, भाजी खाल्ली आणि ताट बोटाने पुसून चाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जास्तीचं मागणं सोडलं. सुनीतीची तेवढी कणीक वाचली. मामंजींचं ताट ती आता स्वतः उचलून घासायला टाकी. सासूबाईंसाठी वेगळं स्वच्छ ताट घेई, त्यात भात, वरण, भाजी, पोळी नीट वाढून झाकून ठेवी आणि मग गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांची माकडांपासून राखण करायला जाई. खाली येईतो ताट रिकामं. शेजारच्या सुमेधावहिनींना मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर गाठून तिने सांगितलंसुद्धा, "आमच्याकडे आता शितभर वाया जात नाही. आणि सासूबाई माणसासारख्या जेवतात. म्हाताऱ्यांना काय, कुणीतरी तोंडावर सांगायला लागतं."

सुमेधावहिनींनी कौतुकाने मान हलवली. सुनीतीची मान त्याहून ताठ झाली.

पुढे एका सकाळी घागर उचलताना प्रभावतीबाई जागच्या जागी कोसळल्या.

गल्लीतले वैद्यजी धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, पोट चाचपलं आणि सुनीतीकडे जरा कठोर नजरेनेच पाहिलं.

"बहूजी, बीमारी कुछ नहीं है. पेट खाली है. इन्हें खाना नहीं देतीं क्या?"

सुनीती रागाने लाल झाली. हे गल्लीभर होणार, सुनेने सासूला उपाशी मारलं म्हणून! वैद्यजींचे जिने उतरणारे पाय थांबायच्या आत ती सासऱ्यांवर उसळली.

"रोज भरलेलं ताट वाढून ठेवते मी! जातं कुठे ते?"

सासूबाईंना ग्लानी आली होती. शास्त्रीबुवा त्यांच्या उशाशी बसले होते, त्यांनी खुणेने सुनेचा आवाज खाली आणला.

"तू गच्चीवर गेलीस की कुणी ना कुणी दारात येतंच. कधी माधुकरी मागणारा, कधी देशावरून आलेला यात्रेकरू. भरलेलं ताट समोर असलं की हिच्या घशाखाली घास उतरत नाही. उचलते आणि देऊन टाकते. लग्न झाल्यापासून बघतोय मी. रागावून झालं, शपथा घालून झाल्या."

"मग मी बोलले तेव्हा का नाही सांगितलंत?"

"हिच्यादेखत? हिला कळलं असतं, तर तेवढंही तोंडात घातलं नसतं."

"तेवढं म्हणजे?"

शास्त्रीबुवांनी बायकोच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग हलकेच म्हणाले,

"उष्टं दुसऱ्या कुणाला वाढता येत नाही, सूनबाई."