साखर जाळायची रीत

माझा नवरा नॉर्बर्ट सत्तर साली टोरांटोला आला. मी दोन वर्षांनी वसईहून आले. तोवर त्याच्या प्रत्येक पत्रात तेच रडगाणं: "डेल्फिन, या बेसमेंटमध्ये पाव आणि उकडलेली अंडी खाऊन दिवस काढतोय." वसईत त्याने कधी कपभर चहासुद्धा केला नव्हता, त्यामुळे मला ते खरंच वाटायचं. वाचताना घास उतरायचा नाही.

आल्यावर दुसऱ्याच रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर, आमची घरमालकीण मेबल मला वरती तिच्या स्वयंपाकघरात तिच्या त्रिनिदादचं चिकन शिकवायला बसली. तिने गरम तेलात साखर टाकली. "माझी आजी उसाच्या गोऱ्या मळेवाल्याकडे स्वयंपाकीण होती," ती हसत म्हणाली. "साखर त्यांची, जाळायची रीत आमची."

साखर काळी पडली, धूर निघाला. "करपली गो बाय!" म्हणत मी स्टोव्ह बंद करायला धावले.

नॉर्बर्ट बाहेर बर्फ शोव्हल करत होता. दारातूनच ओरडला, "बंद नको करू! फेस येऊ दे, मग चिकन टाक." बूट न काढता तो आत आला आणि हाताच्या सवयीने मेबलच्या तिसऱ्या खणातून लाकडी डाव काढून त्याने माझ्यापुढे धरला.

मी डाव घेतला नाही. मेबलने स्टोव्ह बंद केला.

"आमच्या दोघांचं तुला सगळं ठाऊक आहे," ती खाली बघत म्हणाली, "असं सांगितलं होतं त्याने मला."