घारीचा डोस

डॉ. तेंडोलकरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि मांजाने पंख कापलेल्या घारीची वेदना त्यांच्या दंडात ठणकू लागली. जितका ठणका, तितकं औषध द्यायचं. जखम भरत आली होती, तरी डोस चारदा वाढला होता.

आज पट्टा काढायचं विसरून त्या चहाला गेल्या. घारीशी जोडणी दाखवणारा पट्ट्याचा हिरवा दिवा चालूच होता, पण दंड शांत झाला. पिंजऱ्यापाशी परतताच तो पुन्हा ठणकला. त्यांनी तीनदा ये-जा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच घडलं.

"मॅडम, काही हरवलंय का?" लांबचे पिंजरे झाडणाऱ्या भिकूमामांनी विचारलं.

"नाही मामा, सापडलं."

कागदावरचा डोस खोडून त्यांनी लिहिलं, 'घारीजवळ कुणी जाऊ नये. मीसुद्धा.'